रुबिडियमची वाफ आणि हृदयाची वीज

खरडहून बोलतो आहे.

या मालिकेचे नेहमीचे प्रेक्षक मला ओळखतात. पण ई-बुकातून प्रथमच भेटणाऱ्यांसाठी दोन ओळी. मी सैन्याच्या सिग्नल्स कोअरमधून निवृत्त झालेला, मूळचा सातारा जिल्ह्यातला. शेवटचे पोस्टिंग चंडीमंदिरला होते, म्हणून घर इकडेच केले. चंडीगडजवळचे, पंजाबातले हे खरड आता विद्यार्थ्यांचे गाव झाले आहे. घडुआंला मोठे विद्यापीठ, मोहालीत आयसर, नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आणि चिप बनवणारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरी, चंडीगडला पीजीआय हॉस्पिटल. त्यामुळे गल्लोगल्ली पेइंग गेस्टच्या पाट्या.

आमच्या वरच्या मजल्यावर नांदेडची एक मुलगी राहते, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. तिने मला विचारले, “काका, प्रोजेक्टसाठी दोन विषय समोर आहेत. एक म्हणजे अणूंच्या वाफेतून जाणारा प्रकाश. दुसरा म्हणजे शरीरात बसवायच्या यंत्रांना लागणारी वीज शरीरातूनच मिळवणे. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?”

मी तिच्याकडे दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांचे दोन महिने झाले आणि त्यातून हे व्याख्यान तयार झाले. माझे उत्तर असे, की संबंध आहे, आणि तो एका फार लहान रुग्णापाशी येऊन जुळतो. तिथवर क्रमाने जाऊ. व्हिडिओत मी फळ्यावर आकृत्या काढल्या होत्या, इथे त्या शब्दांत सांगतो.

वाफ प्रकाश कशी गिळते

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. मीठ घातलेले वरण उतू गेले की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. हा पिवळा रंग मिठातल्या सोडियमच्या अणूंचा. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू तापले की ठरावीक रंगांचाच प्रकाश देतात. याची दुसरी बाजूही आहे. तोच प्रकाश त्याच अणूंच्या गार वाफेतून पाठवला, तर ती वाफ नेमका तोच रंग गिळते आणि बाकीचे रंग सोडून देते.

ही खूण वापरून १८६१ मध्ये जर्मनीत बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी एक नवे मूलद्रव्य शोधले. त्याच्या वर्णपटात गडद तांबड्या रेषा दिसल्या, म्हणून लॅटिनमधल्या गडद तांबड्या या अर्थाच्या शब्दावरून नाव ठेवले रुबिडियम. हा धातू ३९.३ अंश सेल्सिअसला वितळतो. म्हणजे १०३ ताप असलेल्या माणसाच्या तळहातावर तो पातळ होईल. पण असले प्रयोग कोणी करू नका. हवेतल्या ओलाव्यानेही तो पेट घेतो. प्रयोगशाळेत तो काचेच्या बंद कुपीत असतो, हवा काढून टाकलेली. आत धातूचा एक कण, आणि त्यातून निघालेली, डोळ्यांना न दिसणारी विरळ वाफ.

या वाफेला ७८० आणि ७९५ नॅनोमीटर लहरलांबीचा प्रकाश आवडतो. हा आपल्याला दिसणाऱ्या तांबड्याच्या अगदी शेवटी येतो. तेवढ्या लहरलांबीचे लेसर आज सहज मिळतात, आणि म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळा रुबिडियम वापरतात. पुण्यात पाषाणला आयसरमध्येही रुबिडियमच्या अणूंवर काम चालते.

आता एक गंमत. वाफ जो प्रकाश गिळते, तोच प्रकाश तिच्यातून आरपार जाऊ शकतो, दुसरा एक लेसर बरोबर सोडला तर! झोपाळ्याचे उदाहरण घ्या. एकाने समोरून आणि दुसऱ्याने मागून, एकाच वेळी, सारख्याच जोराने धक्का दिला तर झोपाळा हलत नाही. दोन लेसर अणूला असेच दोन बाजूंनी धक्के देतात, धक्के एकमेकांना खोडतात, अणू जागचा हलत नाही. त्याने ऊर्जा घेतलीच नाही, म्हणून प्रकाश न गिळला जाता पुढे जातो. स्टॅनफर्डच्या स्टीव्हन हॅरिस यांच्या गटाने १९९१ मध्ये स्ट्रॉन्शियमच्या वाफेत हे प्रत्यक्ष दाखवले. १९९९ मध्ये लेने हाऊ यांनी अतिशय थंड केलेल्या सोडियमच्या अणूंमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला १७ मीटरवर आणला. ताशी ६१ किलोमीटर झाले, म्हणजे आपल्या एसटीचा वेग. त्याच वर्षी साध्या गरम रुबिडियमच्या वाफेतही प्रकाश सेकंदाला ९० मीटरवर आणला गेला. मोकळ्या जागेत हाच प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, हे लक्षात घ्या.

घड्याळ आणि कवायत

“याचा उपयोग काय?” हा प्रश्न फौजी माणूस पहिला विचारतो. पहिला उपयोग घड्याळ. रुबिडियम-८७ या अणूच्या आत एक ठोका असतो, सेकंदाला सुमारे ६८३ कोटी ४७ लाख वेळा पडणारा. लेसर किंवा दिव्याच्या प्रकाशाने तो ठोका मोजता येतो. उपग्रहावरून जागा सांगायची तर वेळ अचूक लागते. एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे प्रकाशाच्या हिशेबाने ३०० मीटरची चूक. तोफखान्याला ३०० मीटर म्हणजे काय, ते मी सांगायला नको. आपल्या नाविक प्रणालीतल्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडली होती. ती परदेशी होती. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहावर अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने तयार केलेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ गेले.

दुसरा उपयोग आजच्या विषयाचा. प्रत्येक रुबिडियम अणू हा एक सूक्ष्म होकायंत्रासारखा असतो. समजा, मैदानात शंभर जवान ढिले सोडले आहेत. कोणाचे तोंड कुठे, कोणाचे कुठे. आता ड्रिल उस्ताद येतो. इथे उस्ताद म्हणजे विशिष्ट पीळ दिलेला लेसरचा प्रकाश. अणू प्रकाश गिळतो, सोडतो, पुन्हा गिळतो, आणि प्रत्येक वेळी थोडा थोडा उस्तादाने सांगितलेल्या दिशेकडे वळतो. सगळे एका दिशेला तोंड करून सावधान झाले, की त्यांना तो प्रकाश गिळता येत नाही. मग प्रकाश मोकळा पार जातो. प्रकाशाने अणूंना अशी शिस्त लावण्याची ही पद्धत फ्रान्सच्या आल्फ्रेड कास्लेर यांनी घालून दिली. १९६६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले.

या रांगेला बाजूने एक हलकासा चुंबकीय झोत लागला, तर जवान किंचित वळतात. वळले की पुन्हा थोडा प्रकाश गिळू लागतात. पलीकडे ठेवलेल्या संवेदकाला प्रकाश मंद झाल्याचे कळते. किती मंद झाला, त्यावरून चुंबकीय क्षेत्र किती ते मोजता येते. पाणबुड्या शोधणारी आणि खनिजांचा शोध घेणारी विमाने अशी वाफेची चुंबकमापके अनेक वर्षे वापरत आली आहेत.

अलिबागचा धडा

इतके नाजूक मोजमाप करायचे तर आजूबाजूचा गोंधळ आधी दूर करावा लागतो. हा धडा महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वी घेतला आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे १८४१ पासून होत होती. पुढे मुंबईतल्या ट्राम घोड्यांऐवजी विजेवर चालवायचे ठरले. विजेच्या ताराजवळ होकायंत्र नेले की काय होते ते शाळेत आपण पाहिले आहे. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले, की ट्राम सुरू झाल्यावर इथली मोजमापे निरुपयोगी होतील. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली, चुंबकाला न खेचणाऱ्या दगडाची. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. आज नवी मुंबईतली भारतीय भूचुंबकत्व संस्था ही परंपरा पुढे चालवते.

अलिबागला मोजतात ते पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४० ते ५० मायक्रोटेस्ला असते. आता पुढचा आकडा नीट ऐका. तुमच्या माझ्या हृदयाचेही चुंबकीय क्षेत्र असते. प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयात विजेचा प्रवाह फिरतो, आणि जिथे प्रवाह तिथे चुंबकत्व. छातीजवळ हे क्षेत्र सुमारे ५० पिकोटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या दहा लाखांव्या भागाइतके. मेंदूचे त्याहूनही शेकडो पटींनी कमी.

हृदयाचे हे क्षेत्र प्रथम मोजले गेले १९६३ मध्ये, अमेरिकेतल्या सिराक्यूज येथे. बाऊले आणि मॅकफी या दोघांनी वीस लाख वेढ्यांची कॉइल गुंडाळली आणि विजेच्या तारांपासून दूर, उघड्या मैदानात माणसाला झोपवून मोजले. मूस यांनी केले तेच, गोंधळापासून लांब जाणे. नंतर स्क्विड नावाची अतिसंवाहक उपकरणे आली. ती उणे २६९ अंशांवर, द्रवरूप हेलियममध्ये ठेवावी लागतात. आपल्याकडे कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने अशी यंत्रणा बांधून हृदय आणि मेंदू या दोहोंची चुंबकीय मोजमापे घेतली आहेत. पण हेलियम महाग, यंत्र अवजड, आणि रुग्णाला हलायची सोय नाही.

इथे रुबिडियमची वाफ कामाला येते. २००३ मध्ये प्रिन्स्टनच्या मायकेल रोमॅलिस यांच्या गटाने दाखवले, की पृथ्वीचे क्षेत्र झाकून टाकले आणि वाफ पुरेशी दाट केली, तर अशी वाफ स्क्विडच्या तोडीचे मोजमाप करू शकते. हेलियम नको, थंडी नको. उलट कुपी थोडी तापवायची. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी अशा कुप्या टोपीसारख्या डोक्याला लावल्या. माणूस चहा पीत होता, मान हलवत होता, आणि त्याच्या मेंदूच्या नोंदी येत होत्या.

यंत्र थकत नाही, बॅटरी थकते

आता दुसरा विषय, शरीरातली यंत्रे. यातले सगळ्यांच्या परिचयाचे यंत्र म्हणजे पेसमेकर. आमच्या खरडच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांत तीन-चार जणांच्या छातीत तो आहे.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. शल्यचिकित्सक सेनिंग, अभियंता एल्मक्विस्ट. यंत्राचे सुटे भाग बूटपॉलिशच्या डबीत ठेवून त्यावर रेझिन ओतले होते. फौजी माणसाला ही गोष्ट ऐकून आनंद होणारच! पहिले यंत्र काही तासांत बंद पडले, मग दुसरे बसवले. आणि लक्षात घ्या, त्या पहिल्याच यंत्राची बॅटरी बाहेरून, त्वचेतून चार्ज करता येत होती. म्हणजे बॅटरीची चिंता पहिल्या दिवसापासूनची. लार्सन २००१ पर्यंत, ८६ वर्षे जगले. त्यांना आयुष्यात एकूण २६ पेसमेकर लागले.

सुरुवातीच्या पारा-जस्ताच्या बॅटऱ्या जेमतेम दोन वर्षे टिकत. १९७० मध्ये पॅरिसला चक्क प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर बसवला गेला. तो टिकाऊ होता, पण रुग्ण गेल्यावर ते प्लुटोनियम परत मिळवणे ही डोकेदुखी. १९७२ च्या सुमारास लिथियम-आयोडिनच्या बॅटऱ्या आल्या आणि प्रश्न बराच सुटला. आज साधारण आठ ते बारा वर्षे मिळतात. पण बॅटरी यंत्राच्या आत सीलबंद असते. त्यामुळे “बॅटरी बदलणे” म्हणजे त्वचा पुन्हा कापून पूर्ण डबी बदलणे. पहिल्या वेळेपेक्षा या बदलाच्या वेळी जंतुसंसर्गाचा धोका अधिक आढळतो.

मी सिग्नल्सचा माणूस, बॅटरीचे दुखणे मला परके नाही. डोंगरात रेडिओ सेट खांद्यावर घेताना जवान कुरकुर करत तो सेटसाठी नाही, जादा बॅटऱ्यांसाठी.

मुंबईतले एक उदाहरण सांगतो. ते ऐकल्यावर बॅटरीचे मोल कळेल. अमेरिकेत मृत्यू पावलेल्या व्यक्तींचे पेसमेकर, कुटुंबांच्या संमतीने, काढून घेतले गेले. असे १२१ पेसमेकर जमले. तपासणीत त्यातल्या फक्त ५३ यंत्रांच्या बॅटरीत पुरेसे आयुष्य शिल्लक होते. ती निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ५३ गरीब रुग्णांना मोफत बसवली. नंतरच्या पाहणीत त्यांच्यात जंतुसंसर्ग आढळला नाही. हा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मी हे वाचले तेव्हा मला ५३ पेक्षा उरलेला आकडा जास्त बोचला. ६८ यंत्रे बाद झाली. आणखी ६८ माणसांना ती बसवता आली असती, बॅटरीत जीव असता तर.

शरीराकडे वीज किती?

आता थोडे गणित, कागद-पेन्सिल घेऊन बसा. पेसमेकरला सरासरी सुमारे १० मायक्रोवॅट शक्ती लागते. दहा वर्षांचा हिशेब केला तर सुमारे ३,१५० ज्यूल, म्हणजे ०.९ वॅट-तास. घरच्या वीजबिलातले एक युनिट १,००० वॅट-तासांचे. म्हणजे युनिटला सात रुपये धरले तरी पेसमेकरचे दहा वर्षांचे बिल एक पैसाही होत नाही! तुमच्या मोबाइलच्या एका पूर्ण चार्जमध्ये असे वीस पेसमेकर दहा दहा वर्षे चालतील.

आणि हृदय? ते मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त सुमारे १०० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने ढकलते. गुणाकार केला तर १.१ वॅट येतात. पेसमेकरची गरज त्याच्या एक लाखांश. पखालीतून एक थेंब मागण्यासारखे आहे हे. प्रश्न फक्त थेंब पकडायचा कसा, हा आहे. मुख्य मार्ग चार.

पहिला, दाबाची वीज. गॅसचा लायटर दाबला की “टिक” होऊन ठिणगी पडते. आत एक स्फटिक आहे, त्याच्यावर दाब आला की वीज निर्माण होते. क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये हा गुण शोधला. १९५७ मध्ये जपानच्या फुकादा आणि यासुदा यांनी हाडातही तो असल्याचे दाखवले. काही प्लास्टिकमध्ये तो आहे, आणि माशाच्या खवल्यातही! २०१६ मध्ये जादवपूर विद्यापीठात दीपंकर मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्याने खवल्यापासून वीज देणारी पट्टी केली. खवल्यातले कोलॅजन दाबले की वीज देते. मंडल पुढे आमच्या शेजारच्या, मोहालीच्या नॅनो विज्ञान संस्थेत आले. तिथे अशा लवचिक पदार्थांवर काम चालते. २०१४ मध्ये अमेरिकेत जनान दादेविरेन, जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी पातळ पट्टी गाय, मेंढी आणि डुकराच्या धडधडत्या हृदयावर लावून वीज मिळवली.

दुसरा, घासण्याची वीज. पंजाबच्या हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच ही. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी डुकराच्या हृदयावर असे यंत्र बसवले. प्रत्येक ठोक्याला ०.४९५ मायक्रोज्यूल मिळाले. हृदयाला ठोका द्यायला ०.३७७ लागत होते. म्हणजे जमेची बाजू जड, पण जेमतेम.

तिसरा, घड्याळाची चावी. मनगट हलले की आपोआप चावी भरणारी घड्याळे आमच्या पिढीने वापरली आहेत. स्वित्झर्लंडमध्ये बर्न विद्यापीठात अशाच घड्याळाच्या यंत्रावरून बिनबॅटरीचा पेसमेकर केला आणि डुकरांवर चालवून दाखवला. स्विस माणसाला घड्याळच सुचणार!

चौथा, प्रकाश. मोबाइलची टॉर्च बोटाखाली धरा, बोट लाल दिसेल. तांबडा आणि त्याच्या पलीकडचा प्रकाश त्वचेतून बराच आत जातो. त्वचेखाली सौर पट्टी बसवण्याचे प्रयत्न याच आधारावर आहेत. आणि हा योगायोग पाहा, रुबिडियमला आवडणारा ७८० ते ७९५ नॅनोमीटरचा प्रकाश नेमका याच खिडकीत येतो.

अजून का आले नाही?

कारणे स्पष्ट आहेत. हृदय मिनिटाला ७२ ठोके या हिशेबाने वर्षाला पावणेचार कोटी वेळा हलते. दहा वर्षांत ३८ कोटी. पट्टी तितक्यांदा वाकून टिकली पाहिजे. शरीर परक्या वस्तूभोवती तंतूंचे वेष्टण विणते, त्याने हालचाल कमी होते, वीजही कमी होते. पट्टी ताठ असेल तर ती हृदयालाच अडवील. आणि दुसऱ्या बाजूने बॅटऱ्याही सुधारत आहेत. आता हृदयाच्या आतच बसणारा, तारा नसलेला, दोन ग्रॅमचा पेसमेकर मिळतो, त्याची बॅटरीही सुमारे बारा वर्षांची सांगतात. ऐंशीच्या पुढच्या आजोबांना ती पुरते.

मग गरज कोणाला?

दोन्ही टोके जुळतात

इथे तो लहान रुग्ण येतो. काही बाळांच्या हृदयात जन्माआधीच वरच्या कप्प्यांचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नाही. बऱ्याचदा आईच्या रक्तातली विशिष्ट प्रतिपिंडे याला कारण असतात. सुमारे १५ ते २० हजार जन्मांमागे एक असे प्रमाण सांगतात. ठोके फार मंद पडतात. गर्भाच्या हृदयाचा ईसीजी काढणे अवघड, कारण सातव्या महिन्याच्या आसपास बाळाच्या अंगावर पांढरा, तेलकट थर असतो आणि तो विजेला अडवतो. चुंबकीय क्षेत्राला तो थर अडवू शकत नाही. आईच्या पोटाला न टोचता, फक्त जवळ रुबिडियमच्या कुप्या ठेवून बाळाच्या हृदयाची नोंद घेता येते. अशी मोजमापे प्रत्यक्ष झाली आहेत.

यातल्या अनेक बाळांना जन्मानंतर पेसमेकर लागतो. आजोबांना बारा वर्षांची बॅटरी पुरेल. पण ज्याला पहिल्या महिन्यात पेसमेकर बसला, त्याने सत्तर-ऐंशी वर्षे जगावे अशी आपली इच्छा असेल, तर किती वेळा कापायचे? लार्सन यांचे २६ आठवा. बॅटऱ्या आता चांगल्या आहेत, तरी सात-आठ वेळा होणारच, शिवाय मूल वाढते तशा तारा बदलाव्या लागतात त्या वेगळ्या.

म्हणून त्या मुलीला मी सांगितले, की हे एकाच रस्त्याचे दोन मुक्काम आहेत. वाफ त्या बाळाचे दुखणे जन्माआधी ऐकते. हृदयाची वीज त्याला आयुष्यभर पुन्हा पुन्हा कापण्यापासून वाचवू शकते. दोन्हीकडे लढाई अत्यल्प मात्रेशी आहे, एकीकडे पिकोटेस्ला, दुसरीकडे मायक्रोवॅट. कुठलाही विषय घे, दुसऱ्याकडे लक्ष ठेव.

प्रेक्षकांचे प्रश्न

*हृदयच थांबले तर हृदयावर चालणारा पेसमेकर काय करणार?*
नेमका प्रश्न. म्हणून अशा यंत्रात साठवण ठेवावीच लागेल, छोटी पुन्हा भरणारी बॅटरी किंवा कपॅसिटर. हृदय चालू असताना साठवायचे, अडचणीत खर्चायचे. फौजेत याला राखीव म्हणतात. राखीव नसलेली तुकडी पुढे पाठवत नाहीत.

*असे यंत्र हृदयावर भार टाकणार नाही का?*
यंत्र शंभरातला एकच भाग वीज करू शकले, तरी १० मायक्रोवॅटसाठी हृदयाकडून एक मिलिवॅट घेईल, म्हणजे हजारात एक भाग. ऊर्जेचा भार किरकोळ आहे. काळजी करायची ती पट्टीच्या ताठपणाची.

*कृत्रिम हृदयाचा पंपही असा चालेल का?*
नाही. त्या पंपाला काही वॅट लागतात, खुद्द हृदयाच्या कामाहून जास्त. त्याची केबल आजही पोटाच्या त्वचेतून बाहेर येते. तिथे उत्तर त्वचेतून बिनतारी वीज देण्याचे आहे, शरीरातून काढण्याचे नाही.

*माझी बॅटरी संपत आली आहे. नवे तंत्र येईपर्यंत थांबू का?*
अजिबात नाही. वर सांगितलेले प्रयोग प्राण्यांवरचे आहेत. बॅटरी संपत आल्याची सूचना यंत्र आधी देते, ती मिळाली की डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला बदलून घ्या. माजी सैनिकांनी ईसीएचएसचे कार्ड आणि रेफरलचे कागद आधी तयार ठेवावेत. नियमित तपासणी चुकवू नका.

*बाजारात “शरीराची ऊर्जा वाढवणारे” चुंबकीय पट्टे, बिल्ले मिळतात. तेही याच विज्ञानावर आहेत का?*
नाहीत. हृदयाचे क्षेत्र मोजायला पृथ्वीचे क्षेत्र झाकावे लागते, हे आपण पाहिले. गळ्यात चुंबक अडकवून हृदयाला ऊर्जा मिळते असे सांगणाऱ्याला विचारा, किती मायक्रोवॅट? आणि पेसमेकर असलेल्यांनी तर चुंबक छातीजवळ नेऊच नये. चुंबकाने पेसमेकरचे काम तात्पुरते बदलते. चुंबक असलेला मोबाइलही वरच्या खिशात ठेवू नका, वीतभर लांब ठेवा.

मंडळी, आज आकडे बरेच झाले. त्यातले दोन लक्षात ठेवले तरी पुरे. पेसमेकरला लागतात १० मायक्रोवॅट, आणि हृदयाकडे आहे एक वॅटहून जास्त. मधली दरी पदार्थांची, टिकाऊपणाची आणि चाचण्यांची आहे, आणि ती भरून काढणारी मुले आज नांदेडहून, लातूरहून इकडे शिकायला येत आहेत. तुमच्या घरात असे कोणी असेल तर हा भाग त्यांना जरूर पाठवा.

पुढच्या भागात कानातल्या यंत्राविषयी बोलू, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट. तिथे त्वचेतून वीज देण्याचे काम कित्येक वर्षांपासून रोज चालू आहे. तोवर तब्येत सांभाळा.

जय हिंद.